ट्रेमोलो दाबल्यावर गिटार सुरात परत येत नाही? क्लॉच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावा

ट्रेमोलोचा, म्हणजे तारा टेकतात तो ब्रिज हलवून सूर खाली-वर करणाऱ्या यंत्रणेचा, दांडा दाबला, सोडला आणि तारा बेसूर झाल्या, की बहुतेक जण आधी गिटार उलटी करतात, मागचं प्लास्टिकचं झाकण उघडतात आणि आतल्या क्लॉचे, म्हणजे स्प्रिंगा धरून ठेवणाऱ्या पट्टीचे, दोन मोठे स्क्रू पिळायला लागतात. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी चालू असताना माझ्याकडे आलेल्या एका मुलानेही तेच केलं होतं. पाचही स्प्रिंगा लावलेल्या, क्लॉ अगदी भिंतीला टेकेपर्यंत आवळलेला, ब्रिज बॉडीला चिकटलेला, आणि तरीही दर वेळी तिसरी तार चढलेलीच. दोष होता नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, एका खाचेत. ते काम दहा मिनिटांचं होतं. पण चार दिवसांच्या पिळापिळीमुळे ॲक्शन (तारांची उंची) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) पुन्हा पहिल्यापासून लावायला अख्खी संध्याकाळ गेली.

ट्रेमोलोत एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा. ही ओढाताण सारखी असली तरी वाटेत कुठे काही अडकत असेल तर सूर परत येत नाही. म्हणून आधी अडथळे काढायचे, मग तोल साधायचा. क्रम उलटा केला तर तेच काम दोनदा-तीनदा करावं लागतं.

खालच्या पायऱ्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या ट्रेमोलोसाठी आहेत, मग तो पुढे सहा स्क्रू असलेला असो की दोन खुंटांवर टेकणारा. फ्लॉइड रोझबद्दल, म्हणजे नटवर तारा कुलपाने आवळणाऱ्या ट्रेमोलोबद्दल, शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

आधी काय काय जमवायचं

क्लॉच्या स्क्रूत घट्ट बसणारा, लांब दांडीचा २ नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर. ॲलन कीचा संच, ज्यात १.५ आणि ३ मिमीच्या की आहेत. अमेरिकन गिटारच्या सॅडलना (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते ते छोटे तुकडे) बहुधा ०.०५० इंचाची की लागते. तिथे मिमीची की जबरदस्तीने फिरवली तर स्क्रूचं डोकं खराब होतं. हे सगळं पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. अप्पा बळवंत चौकातून एक ६बी पेन्सिल घ्या, साधी एचबी पेन्सिल नटसाठी फार कडक असते. शिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, हेडस्टॉकला लावायचा क्लिप ट्यूनर, थोडं व्हॅसलीन, टूथपिक, १००० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाचे दोन-तीन चपटे तुकडे आणि जुनी व्हिजिटिंग कार्डं.

तारांचा नवा संच आणून ठेवा, पण लगेच लावू नका. पायरी १ जुन्या तारांवरच करायची आहे.

सावधान: अँप बंद करा आणि केबल काढून ठेवा. ताणलेली तार किंवा स्प्रिंग सुटली तर थेट डोळ्याकडे येऊ शकते. चष्मा असेल तर लावा आणि कामाच्या वर तोंड आणू नका.

पायरी १: बिघाड कुठे आहे ते ओळखा

गिटार सुरात लावा. दांडा पूर्ण खाली दाबून सोडा. आता दांड्याला हात न लावता सहाही तारा ट्यूनरवर पाहा आणि कोणती किती हलली ते लिहून ठेवा. मग तिसरी तार बोटाने पूर्ण एक स्वर ओढून सोडा आणि पुन्हा पाहा.

एक-दोनच तारा हलल्या आणि बाकीच्या जागेवर असतील, तर अडथळा त्या तारांच्या वाटेवर आहे: नट, सॅडल किंवा ट्यूनिंगची खुंटी. दांडा दाबल्यावर तार चढते आणि बोटाने ओढल्यावर उतरते, असं दिसलं तर नटवर संशय घ्या. दांडा दाबला की तार सैल पडते आणि तिचा थोडा भाग हेडस्टॉककडे सरकतो. दांडा सोडल्यावर तो भाग परत यायला हवा. नटने धरून ठेवला तर वाजणारी तार जास्त ताणलेली राहते, म्हणून सूर चढतो. बोटाने ओढताना याच्या उलट होतं.

सहाही तारा एकाच दिशेने हलल्या असतील, तर ब्रिज स्वतःच मूळ जागी परतत नाही. तो पायरी ४ चा विषय.

आणि काहीही न करता, नुसती वाजवता वाजवता तार उतरतच जात असेल, तर तार नवी आहे किंवा खुंटीवर घसरते आहे. यात ट्रेमोलोचा दोष नाही.

हा बिघाड नव्हे: तरंगत्या, म्हणजे बॉडीपासून किंचित उचलून ठेवलेल्या, ब्रिजवर एक तार बोटाने ओढली की बाकीच्या पाच किंचित उतरतात. एक तार तुटली की बाकीच्या चढतात. ब्रिज तरंगता आहे तोवर हे होणारच. ते बंद करायच्या नादात स्प्रिंगा आवळू नका.

पायरी २: नेक पाहा आणि तारा बदला

नेकचा बाक नंतर बदलला तर ब्रिजचा तोल पुन्हा ढळतो, म्हणून तो आधीच तपासा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. साधारण पाव मिलिमीटर हवी, म्हणजे साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीच्या आसपास. फारच कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा सुरात लावा आणि मोजा.

तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर स्प्रिंगा ब्रिज पूर्ण खाली खेचतात आणि जुना तोल कसा होता हे कळायला मार्ग राहत नाही. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत, तेही एकाखाली एक, एकमेकांवर न चढलेले. सहा-सात वेढे असतील तर दर वेळी दांडा दाबला की ते आवळतात-सुटतात आणि सूर भटकतो.

नवी तार बसवली की बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर उचलून ताणा आणि परत सुरात लावा. उचलल्यावर तार उतरायची थांबेपर्यंत हे करत राहा. याचा कंटाळा करणाऱ्यांचीच गिटार पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त बेसूर होते.

तारांची जाडी आत्ताच ठरवा. ९-४२ चा संच (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीच्या सुरात सगळा मिळून अंदाजे ३८ किलो ओढतो, १०-४६ चा अंदाजे ४६ ते ४७ किलो. हा फरक स्प्रिंगांना पेलायचा असतो. जाडी बदलली की पायरी ५ नव्याने करावी लागते.

पायरी ३: नट

इथे घाई करू नका. घरी आणलेल्या दहा गिटारी पाहिल्या तर निम्म्याहून जास्त इथेच दुरुस्त होतात, असा माझा अनुभव आहे.

आधी कान लावा. तिसरी तार खुंटीने हळूहळू चढवत न्या. नट अडकत असेल तर ट्यूनरचा काटा काही क्षण हलत नाही, मग बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो आणि काटा एकदम उडी मारतो. तो ‘टिक्’ म्हणजे खाचेत अडकलेली तार सुटल्याचा आवाज. सहाही तारांवर हे करून पाहा.

आता अडकणारी तार सैल करा, खाचेतून उचलून बाजूला ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च नटवर आडवा धरा. खाचेच्या तळाशी काळा मळ दिसेल. तो टूथपिकने खरवडून काढा, सुक्या ब्रशने झाडा. मग पेन्सिलचं टोक खाचेत पुढे-मागे घासा. तळ आणि दोन्ही भिंती करड्या चमकू लागल्या पाहिजेत. तार परत बसवून ‘टिक्’ ऐका. बऱ्याचदा इथेच काम संपतं.

तपासा: ‘टिक्’ गेला, पण दांडा दाबल्यावर तीच तार थोडी चढतेच आहे? मग खाच तारेला अरुंद पडते आहे. जाड तारांचा संच लावल्यावर हे हमखास होतं.

अरुंद खाचेसाठी पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून त्याची घडीची कड खाचेत घाला आणि फक्त बाजूच्या भिंतींवर पाच-सहा वेळा हलक्या हाताने फिरवा. कड हेडस्टॉकच्या दिशेने किंचित खाली झुकलेली ठेवा. मग पुन्हा पेन्सिल, पुन्हा तार, पुन्हा कान.

सावधान: तळाला कानस लावू नका. मी सुरुवातीच्या काळात एका मित्राच्या गिटारची पहिल्या तारेची खाच एवढी खोल केली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणायला लागली. नट बदलण्याशिवाय इलाज उरला नाही, आणि त्याचे पैसे भरून दिले तरी त्या गिटारचं मूळ नट गेलं ते गेलंच. तुमची खाच ठीक आहे का ते असं पाहा: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे केसाएवढी फट दिसायला हवी. तार पहिल्या फ्रेटला टेकत असेल तर खाच आधीच खोल आहे, तिथे पेपर चालवूच नका.

हेडस्टॉकवर तारांना खाली दाबून धरणारी छोटी पट्टी असते, तिच्या पोटालाही पेन्सिल फिरवा. सॅडलवर तार जिथे वळते तिथे नखाने चाचपा. खरबरीत लागलं तर पेपरच्या कडेने गुळगुळीत करा. एकच तार पुन्हा पुन्हा सॅडलपाशी तुटत असेल तर तिथे धारदार कड आहे, असं धरून चाला.

पायरी ४: ब्रिजचे पुढचे स्क्रू

तारा सैल करा. स्प्रिंगा ब्रिजची पाटी बॉडीवर सपाट बसवतील. तशीच बसू द्या.

सहा स्क्रू असतील तर सहाही सैल करा, म्हणजे त्यांची डोकी पाटीच्या वर साधारण दीड मिलिमीटर येतील. मग फक्त दोन टोकांचे स्क्रू परत खाली न्या, त्यांची डोकी पाटीला जेमतेम टेकतील एवढेच. मधले चार तसेच राहू द्या. ब्रिज आता टोकाच्या दोन स्क्रूंवर डोलतो. मधले चार तो बाजूला सरकू नये म्हणून असतात. सहाही आवळून टाकणं ही घरच्या दुरुस्तीत मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. मग पाटी डोलत नाही, ती वाकायला बघते, आणि थोड्या दिवसांत स्क्रूंचे आटे लाकडातून निघायला लागतात.

दोन खुंटांचा ब्रिज असेल तर खुंट वर-खाली करून पाटी सगळीकडे बॉडीला टेकेल अशी ठेवा. सावधान: तारा ताणलेल्या असताना हे खुंट कधीही फिरवू नका. पाटीची धार त्यांच्यावर घासते आणि एकदा बोथट झाली की ब्रिज कधीच नेमका परतत नाही.

टेकण्याच्या जागी टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच व्हॅसलीन लावा. गंज काढायचे स्प्रे इथे मारू नका. ते लाकडात मुरतात आणि रंगाच्या खाली डाग धरतात.

तपासा: दांडा हळू दाबून सोडा. पाटी खडखड न करता, एका दमात परत येते का? मध्येच थबकत असेल तर टोकाचा एखादा स्क्रू अजून पाव फेरा सैल करा.

पायरी ५: तोल

आता क्लॉ. नेहमीच्या पद्धतीत लोक गिटार सुरात लावतात, क्लॉ फिरवतात, सूर जातो, परत लावतात, ब्रिज उचलला जातो, परत क्लॉ. हे तासभर चालतं. पाचर लावून केलं तर एकदाच करावं लागतं.

आधी ठरवा. दांडा फक्त खाली दाबायचा आहे की वर ओढूनही सूर चढवायचा आहे? फक्त खाली दाबायचा असेल तर ब्रिज बॉडीवर टेकवून ठेवा. तिसरी तार पूर्ण एक स्वर ओढली तरी पाटी उचलली जाणार नाही एवढा क्लॉ आवळा, लागलं तर चौथी स्प्रिंग लावा. तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात. कॉलेजच्या कार्यक्रमात एकाच गिटारवर निभावणाऱ्या प्रत्येकाला माझा सल्ला हाच असतो.

दांडा वर ओढायचा असेल तर ब्रिज तरंगता हवा. पाटीची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिमी वर.

१) तारा सैलच ठेवा. तीन स्प्रिंगा लावा: मधली आणि दोन टोकांच्या. मागच्या बाजूचे क्लॉचे दोन्ही स्क्रू दोन-दोन फेरे सैल करा. क्लॉला डाग दिलेली एक वायर असते, ती ताणली जात नाही ना ते पाहत राहा.

२) ३ मिमीची ॲलन की पातळ कागदात गुंडाळा. दांडा थोडा दाबा आणि की पाटीच्या मागच्या कडेखाली आडवी सरकवा. दांडा सोडला की स्प्रिंगा पाटीला कीवर टेकवतील. हीच आपली उंची.

३) आता मागून पाहा. ब्रिजचा लोखंडी ठोकळा आणि खोबणीची बुडाकडची, म्हणजे पट्टा अडकवायच्या बटणाकडची भिंत, यांच्यात जागा दिसेल. तिथे लाकडाचा तुकडा घट्ट बसवा. थोडी जागा उरली तर व्हिजिटिंग कार्डं एकेक करून सारा. पाचर हलता कामा नये.

४) गिटार कडेवर उभी धरून तारा सुरात लावा. तारांची ओढ आता पाचरीवर येते, त्यामुळे एक तार लावताना दुसरी फारशी ढळत नाही. थोड्या वेळाने ॲलन की सैल होईल, ती काढून घ्या.

५) क्लॉचे दोन्ही स्क्रू आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा. प्रत्येक वेळी पाचर बोटाने हलवून पाहा. जेव्हा ती आपसूक सैल होऊन हातात येते, तेव्हा स्प्रिंगा आणि तारा बरोबरीत आल्या. थांबा. शेवटचे फेरे पाव-पाव घ्या.

तपासा: पाचर काढल्यावर सूर होता तिथेच आहे का? सगळ्या तारा जराशा चढल्या तर क्लॉ किंचित जास्त आवळला गेला, उतरल्या तर कमी पडला. खुंट्यांना हात लावू नका, क्लॉनेच सुधारा.

सावधान: स्क्रू फिरतोय पण ओढ वाढत नाही, असं वाटलं तर लाकडातले आटे गेले आहेत. तिथेच थांबा आणि पायरी ७ पाहा.

पायरी ६: उंची आणि इंटोनेशन

ब्रिज वर आला की तारांची उंचीही बदलते, म्हणून हे काम तोल साधल्यावरच. सतराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत सुमारे १.६ मिमी ठेवून सुरुवात करा आणि हाताला आवडेल तसं थोडं कमी-जास्त करा. प्रत्येक सॅडलचे दोन्ही बारीक स्क्रू सारखे फिरवा, सॅडल तिरका होऊ देऊ नका.

मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर यांची तुलना करा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, बुडाकडे न्या. उतरा असेल तर नेककडे आणा.

पायरी ७: बारीकसारीक दुखणी

दांडा भोकात डगडगतो: आट्यांवर नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा, दांडा ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. दांडा आत तुटला असेल तर घरी ड्रिल लावू नका. ठोकळ्यातले आटे वाचवायचे तर ते कारागिराचं काम आहे.

स्प्रिंगा घुमतात: तपकीर गल्लीत मिळणारी उष्णतेने आवळणारी नळी स्प्रिंगवर चढवा, किंवा स्प्रिंगांच्या खाली स्पंजचा पातळ तुकडा ठेवा. स्पंज ठोकळ्याच्या वाटेत येता कामा नये.

क्लॉच्या स्क्रूचे आटे गेले: तारा आणि स्प्रिंगा काढा. टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट भरा, बाहेरचा भाग सपाट कापा, पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग स्क्रू हाताने, सावकाश आत न्या.

तारांना हात लावल्यावरही अँपची गुणगुण कमी होत नाही: क्लॉवरची वायर सुटली आहे. तिला पुन्हा डाग द्यावा लागेल. क्लॉ जाड असतो, म्हणून छोटी सोल्डरिंग गन पुरत नाही. डाग चकचकीत न दिसता राखाडी आणि दाणेदार दिसला तर तो पुन्हा सुटणार.

फ्लॉइड रोझ असेल तर

नटची कुलपं ३ मिमीच्या कीने आधी सोडा, मगच खुंट्यांना हात लावा. कुलूप लावलेल्या नटवर खुंटी पिळली तर तार तुटते किंवा खुंटी खराब होते. ब्रिजवरचे बारीक ट्यूनर मध्यावर आणा. पाटी बॉडीला समांतर येईल अशा जाडीची पाचर घ्या, बाकी पायरी ५ तशीच. कुलपं लावल्यावर सूर थोडा हलतो. तो बारीक ट्यूनरने सुधारा, नट पुन्हा उघडू नका.

पुण्याच्या हवेत हे किती दिवस टिकतं

एप्रिल-मेची कोरडी उष्णता आणि जुलैचा दमटपणा यांत नेक हलतो आणि त्याबरोबर ब्रिजची ती ३ मिमीची फटही. वर्षातून दोनदा तपासा: मृग लागल्यावर आणि दसऱ्याच्या सुमारास. खंडेनवमीला गिटार पूजेत ठेवायच्या आधी झाकण उघडून स्प्रिंगांवर गंज दिसतो का ते पाहून घ्या. पावसाळ्यात गिटार ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर टांगलेल्या एका गिटारच्या क्लॉचे स्क्रू मी दोन पावसाळ्यांत तपकिरी झालेले पाहिले आहेत. ते फिरवताना एकाचं डोकंच तुटलं.

झाकण परत लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला कागदी टेप चिकटवा आणि पेन्सिलने लिहा: तारीख, तारांची जाडी, स्प्रिंगा किती, मागच्या कडेखाली फट किती. पुढच्या वेळी ब्रिज उचललेला दिसला, तर आधी ती नोंद वाचा आणि त्यातलं काय बदललं ते शोधा.